पंखा बंद, वास तीव्र

"सर, कोठीत लसणाचा वास येतोय," भांडारी दारातूनच म्हणाले. तो, रसायनशास्त्राचा विभागप्रमुख, सुट्टीच्या अर्जांवर सह्या करत होता. मान वर न करता त्याने म्हटलं, कुणीतरी डबा खाल्ला असेल. "डबा कसा खाईल सर? कोठी नऊ वर्षं बंद होती. आज सकाळी मीच कुलूप तोडलं." भांडारी सरळ माणूस, वाढवून सांगण्याची खोड नाही. त्याचं पेन अर्जावर थांबलं. थांबलं तिथे शाईचा टिपका मोठा होत गेला, आणि आपण या टिपक्याकडे बघतोय, बाकी कशाकडेही बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. जुनी इमारत पुढच्या महिन्यात पाडायची होती, म्हणून तळघरातल्या कोठ्या रिकाम्या करणं चालू होतं. याद्या त्याच्याच सहीने निघाल्या होत्या. त्या खोलीचा क्रमांक यादीत लिहिलेला त्याने पाहिला होता आणि सही ठोकली होती, जशी बाकीच्या खोल्यांसाठी ठोकली तशीच. विसरला होता असं नाही. विसरल्याची सवय लागली होती, आणि सवय ही विसरण्यापेक्षा चिवट असते.

जिना उतरताना त्याने नाकाने श्वास घेणं बंद केलं. हेही आपोआप. तळघराच्या बोळात नवीन मॅडम आधीच उभ्या होत्या. त्यांना विभागात लागून दोनच वर्षं झाली होती, पण सुरक्षेची जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती आणि ती फार मनावर घेतली होती. त्यांनी सगळ्यांना मागे हटवलं होतं, तोंडाला मास्क लावला होता आणि दाराच्या फटीखाली ओली फडकी कोंबायला लावली होती. "सर, आत पत्र्याचा डबा आहे, वाळूने भरलेला. वाळूत काचेच्या बंद नळ्या आहेत, सहा. एकीला चीर गेलीय, हलवताना गेली असणार. वाळूतून धूर येतोय. लेबलावर कॅकोडिल लिहिलंय. हे इथे कुणी केलं? आणि कशासाठी?" मग त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्यासमोर धरला. पिवळ्या पडलेल्या लेबलावर बारीक, उभं अक्षर. तारीख, नाव, खाली आद्याक्षरांची सही. "अक्षर बाईचं वाटतंय. ही सही कुणाची असेल? तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?" तो म्हणाला, "माहीत नाही. जुनं असेल. माणसं येतात, जातात." हे वाक्य त्याच्या तोंडातून इतक्या सहज निघालं की त्याला स्वतःचं नवल वाटलं. जणू एकतीस वर्षं ते जिभेखाली धरून ठेवलं होतं आणि ओलंही झालं नव्हतं.

अक्षर थेंबचं होतं. थेंब हे तिला मुलांनी ठेवलेलं नाव. ब्युरेटमधून थेंब सोडताना ती अर्ध्या थेंबावर हात थांबवू शकायची, बाकी सगळ्यांचे दोन-तीन जास्त पडायचे. त्याला सगळे नोंद्या म्हणायचे, कारण तो सगळं लिहायचा. किती वाजता दिवा पेटवला, किती वाजता द्रावण गढूळ झालं, बाहेर ऊन होतं की ढग. दोघं मोठ्या सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. मोठे सर तेव्हा रसायनशास्त्राच्या इतिहासावर ग्रंथ लिहीत होते आणि त्यांच्या डोक्यात आलं होतं की जुने प्रयोग जसेच्या तसे पुन्हा करायचे. जुनी भांडी, जुनी कृती. "इतिहास डोळ्यांनी वाचायचा नसतो," ते म्हणायचे, "नाकाने वाचायचा." कॅकोडिल हे त्या ग्रंथाचं मानाचं प्रकरण होतं. पांढरं सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि पोटॅशियम ॲसिटेट सारख्या वजनाने मिसळायचं, बकपात्रात, लांब वाकड्या मानेच्या काचेच्या भांड्यात, तापवायचं, बर्फात बुडवलेल्या भांड्यात तांबूस तेलकट पाणी थेंबथेंब जमा होतं. हवा लागली की धुमसतं, कधी पेटतं. आणि वास. कुजक्या लसणाचा म्हणायचं ते शब्द नाहीत म्हणून. खरं तर तो वास नाकात येत नाही, दातांच्या मुळांत येतो, रुमालात राहतो, झोपेत उशीतून वर येतो. नावाचा अर्थच मुळी दुर्गंधी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एका जिद्दी रसायनज्ञाने यावर कित्येक वर्षं घालवली होती. त्याची जीभ काळी पडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, आणि याच कुळातल्या एका पदार्थाच्या स्फोटात त्याचा एक डोळा गेला. तो नळीतून बाहेरची हवा ओढत काम करायचा, असं म्हणतात. ही माहिती मोठ्या सरांच्या कच्च्या लिखाणात होती. नोंद्यानेच ती टंकून काढली होती. थेंबकडे नळी नव्हती. ती रुमाल बांधायची.

धूर ओढून घेणारं काचेचं कपाट खोलीत होतं, पण त्याचा पंखा बंद पडला होता. पहिल्या दिवशी थेंब मोठ्या सरांकडे गेली. ते म्हणाले, दुरुस्तीवाल्याला निरोप दिलाय, तोवर खिडकी उघडा. खिडकी अर्धीच उघडायची, बाहेरच्या लोखंडी नळाला अडायची. नोंद्याने वहीत लिहिलं: पंखा बंद, वास तीव्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं. अकरा दिवस त्याने ते लिहिलं, वेळ घालून. तो बाजूच्या टेबलावर, दाराजवळ बसायचा आणि दर अर्ध्या तासाने काही ना काही निमित्त काढून बाहेर जायचा. पेन्सिलला टोक करायला, पाणी प्यायला, घड्याळ जुळवायला. ती जायची नाही. बकपात्र तापलेलं असताना हलता येत नाही. एकदा ती म्हणाली, "नोंद्या, माझी जीभ बघ रे जरा." त्याने बघितली. कडेने करडी पडली होती, शिसपेन्सिल चोखल्यासारखी. तो म्हणाला, "शाई पितेस का काय?" ती हसली. त्याने तेही वहीत लिहिलं होतं, जिभेचं, हसण्याचं नाही. आणि नवव्या का दहाव्या दिवशी ती दुपारी मोठ्या बोळातून चालत ग्रंथालयाकडे गेली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. चप्पल मागे, बोळाच्या मधोमध पडली होती, आणि तिला ते कळलंच नव्हतं. पोरं खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, थेंबचा थेंब गळाला. ती वळली, चपलेकडे बघितलं, मग पायाकडे. त्या पायाकडे ती जशी बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या अंगाला लावलाय तशी, ते त्याने पाहिलं. आणि तोही हसत होता. हसू थांबवायला हवं हे कळलं तेव्हा ते आपोआपच थांबलं होतं, इतका वेळ गेला होता.

पाय बधिर झाले आणि ती दवाखान्यात पाच महिने होती. तिच्या भावाने तक्रार केली म्हणून चौकशी समिती बसली, तीन माणसांची. समितीच्या आदल्या आठवड्यात मोठ्या सरांनी त्याला घरी बोलावलं. सरांच्या पत्नीने चहा दिला, खुर्ची ओढून दिली. मोठे सर रागावले नाहीत, धमकी तर नाहीच. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "अक्षर काय हे. समितीपुढे असं न्यायचं? एक फेअर कॉपी कर. आणि निरीक्षणं तेवढी ठेव, बाकीचा पाल्हाळ कशाला. शास्त्रज्ञाला हवामानाचं काय करायचंय?" हवामान. पंखा, खिडकी, वास, जीभ, हे सगळं हवामान झालं. मग ते सहज म्हणाले, की विभागात एक कायम जागा निघतेय. ती जागा थेंबसाठी निघतेय हे दोघांनाही माहीत होतं. त्याने तीन दुपारी बसून वही उतरवली. सुंदर उतरली. अकरा ओळी गेल्या आणि जिथे त्या होत्या तिथे जागासुद्धा दिसली नाही. जुनी वही त्याने स्वतः बंबात घातली, मोठ्या सरांनी सांगितलं नव्हतं. समितीतल्या एकांनी विचारलं, पंखा चालू होता का? "चालू होता." वास येत होता का? "जाणवण्याइतका नाही." दोन वाक्यं. निकालात लिहिलं गेलं की संबंधित विद्यार्थिनीची प्रकृती मुळातच नाजूक होती. जो माणूस घड्याळाचं जुळवणंसुद्धा लिहून ठेवतो त्याच्या साक्षीवर शंका कोण घेणार? पुढे तो व्याख्याता झाला, लग्न झालं, मुलगी झाली, विभागप्रमुख झाला. मोठे सर वारले तेव्हा शोकसभेत तोच पहिला बोलला आणि बरा बोलला. ग्रंथ निघालाच नाही. ते प्रकरण कुणी वाचलंही नाही.

एकतीस वर्षं त्याने मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती, बुडणारा फळकूट धरतो तशी. साक्षीला त्याला मोठ्या सरांनी उभं केलं. तो आपण होऊन गेला नव्हता. मोठं झाड पडलं की खालचं गवत चेपतं, त्यात गवताचा काय दोष. हे तो रागाच्या क्षणी स्वतःला सांगायचा आणि राग निवायचा. पण त्या दिवशी तळघरातून वर आल्यावर ते पुरेना. घरी जेवताना बायको म्हणाली, "गप्प का? कोठीचं ऐकलं मी, भांडारींच्या बायकोचा फोन आला होता. तुम्हाला काही झालं नाही ना?" "मला काही होत नाही," तो म्हणाला, आणि हे किती खरं आहे ते त्याला बोलल्यावर कळलं. तो आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढून बघत राहिला. गुलाबी होती. निरोगी माणसाची. नवीन मॅडमनी घटनेचा अहवाल मागवला होता, ज्यांना काही माहिती असेल त्यांनी सोमवारपर्यंत लेखी द्यावी. त्याने शनिवारी सकाळी बसून लिहिलं. पंखा, अकरा दिवस, खिडकी, जीभ, चप्पल, फेअर कॉपी, दोन वाक्यं. सोपं गेलं. इतकं सोपं गेलं की त्याला स्वतःबद्दल थोडं बरं वाटायला लागलं, आणि तिथेच त्याने ओळखायला हवं होतं. रविवारी तो कागद खिशात घालून तिच्याकडे गेला. पत्ता शोधावा लागला नाही. पत्ता त्याला कायम माहीत होता, बसने वीस मिनिटं.

तिसरा मजला. दार तिनेच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड, पण मान तशीच ताठ. तिने त्याला ओळखायला वेळ लावला नाही. "ये," ती म्हणाली, "नोंद्या ना? जाडा झालास." आत जाताना ती जमिनीकडे बघत चालत होती, एकेक पाऊल नजरेने ठेवत. पायाला जमीन लागते की नाही ते पायाला कळत नव्हतं, डोळ्यांना विचारावं लागत होतं. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांची प्रुफं ती तपासायची, पंचवीस वर्षं. बोटांवर रबरी टोप्या घातलेल्या, नोटा मोजणाऱ्या कारकुनासारख्या. "पान उलटलं की नाही ते कळत नाही ना," त्याची नजर बघून ती म्हणाली, "रबराचा आवाज येतो, मग कळतं." त्याने कोठीचं सांगितलं. सहा नळ्या, एकीला चीर. ती म्हणाली, "सहाच? सात भरल्या होत्या मी." मग विचार करून, "सातवी पेटली होती. बरोबर." त्याने कागद काढून पुढे केला. "हे मी सोमवारी देणार आहे. आधी तू वाचावंस."

तिने चष्मा पुसला, लाल पेन घेतलं. पेन ती मुठीत धरायची, लहान मुलं धरतात तसं. वाचायला लागली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कुठे पापणी हलते, कुठे ओठ आवळतात, हे टिपायला तो तयार बसला होता, जुना नोंद्या. काहीच हललं नाही. दुसऱ्या ओळीत तिने एक खूण केली. "तीव्र. ती दीर्घ." पुढे गेली. चपलेच्या ओळीवर थांबली. "हे आठवतं तुला?" "हो." "मला वाटलं होतं, कुणाला आठवत नसेल." पुन्हा खाली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं पेन टेकलं. "हे चूक आहे," ती म्हणाली. "‘मोठ्या सरांनी मला साक्षीसाठी पुढे केलं.’ ही वस्तुस्थितीची चूक आहे." तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे. त्यांनी घरी बोलावलं होतं मला. वही—" "वहीचं असेल. साक्षीचं नाही. समितीचा माणूस दवाखान्यात आला होता माझ्याकडे. म्हणाला, खोलीत आणखी कोण असायचं, कुणाला विचारावं? सरांनी तर तुझं नाव दिलंच नव्हतं, ते म्हणाले होते ती एकटीच काम करायची. तुझं नाव मी दिलं." तिने ते वाक्य सरळ रेषेने खोडलं आणि समासात लिहिलं, मुठीतल्या पेनाने, मोठ्या वाकड्या अक्षरांत. लिहायला वेळ लागला. ती लिहीत असताना तो पाहत राहिला. एकेक अक्षर.

"माझं का?" त्याने विचारलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं तिने बघितलं. "अरे, का म्हणजे? तू सगळं लिहून ठेवायचास. मी भावाला सांगितलं होतं, आता काळजी नाही, वहीत तारीखवार आहे सगळं." ती हे रागाने बोलली असती तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं तशी बोलली. "मग तू जबाब वाचलास तेव्हा..." "वाचला. अक्षर छान होतं." तिने कागदाची घडी घातली, घडी नीट बसली का ते डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला दिला. तो म्हणाला, "हे देऊ का मी? तू नको म्हणालीस तर नाही देणार." मग पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "ते माझ्यावर ढकलू नकोस. मी चुका दुरुस्त करते. छापायचं की नाही ते माझ्याकडे नसतं." गठ्ठा तिने पुढे ओढला. "मला उद्यापर्यंत ऐंशी पानं द्यायचीयत. दार ओढून घे जाताना, मला उठायला वेळ लागतो."

सोमवारी त्याने तो कागद दिला, लाल खुणांसकट. प्राचार्यांनी वाचला, चष्म्यावरून बघत म्हणाले, "यात तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा मारून घेताय. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमचे. कुणासाठी हे?" त्याने पोच मागितली. पुढे वरून उत्तर आलं की प्रकरण जुनं आहे, संबंधित प्राध्यापक हयात नाहीत, सबब कागद दफ्तरी दाखल करावा. तसा तो झाला. विभागप्रमुखपद त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, तेही प्रकृतीच्या कारणास्तव असं लिहून. नवीन मॅडम समोरून आल्या तर नमस्कार करायच्या, पण थांबायच्या नाहीत. बायको तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, की आपलं लग्न ठरलं ते त्या नोकरीवर. यातलं काहीच त्याला फारसं लागलं नाही. शिक्षा म्हणावी इतकं ते मोठं नव्हतं, आणि थेंबच्या पायांना त्याने काडीचा फरक पडत नव्हता. लागलं ते रविवारचंच, तिच्या जिन्यातलं.

दार ओढून तो बाहेर पडला तेव्हा दुपार होती, जिन्यात उजेड होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला. धरून ठेवलेलं फळकूट हातात राहिलं नव्हतं. कुणी त्याला ढकललं नव्हतं. सगळ्या जगात एका माणसाने त्याच्यावर भरवसा टाकला होता, आणि तो कोण हे विचारायचीसुद्धा त्याला एकतीस वर्षांत गरज वाटली नव्हती. खालून पावलं आली. भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई दम खात वर येत होती. त्याला बघून थांबली. "काय हो, चक्कर आली का? पाणी आणू?" तो म्हणाला, नको. "कुणाकडे आला होतात? तिसऱ्या मजल्यावरच्या प्रुफवाल्या ताईंकडे?" त्याने मान हलवली. "ओळखीच्या आहेत तुमच्या? त्यांच्याकडे कुणी येत नाही फारसं. पायांचं काय झालं त्यांच्या, कधी बोलल्या नाहीत." आणि त्याने सांगितलं. त्या अनोळखी बाईला, पायरीवर बसूनच, सरळ. की आम्ही एका खोलीत काम करायचो. विषारी काम होतं. पंखा बंद होता, अकरा दिवस. वास येत होता. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, पंखा चालू होता.

बाईने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर संताप नव्हता, कुतूहलही फार नव्हतं. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी ती त्याच्याकडे बघत होती. "मग," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाही?"

तिला वाट द्यायला तो भिंतीकडे सरकला. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, त्याच्या बाजूने अंग चोरून वर गेली.